हद्द

कंपनीचा माणूस आला तेव्हा
मी वही मिटून मांडीखाली घेतली.
का, ते मलाही सांगता यायचं नाही.

त्यानं टेबलावर ठेवली हिरवी फाइल. दोनशे बारा पानं:
बेल किती वेळा वाजवायची,
बुटांवर पिशव्या कधी चढवायच्या,
गाळणी धुताना ग्राहकाशी काय बोलायचं, काय नाही.
शेवटी नकाशा.
अजमानवर पेनानं ओढलेलं कुंपण.
रशिदियापासून नुऐमियापर्यंत तुमचं,
पलीकडे दुसऱ्याचं.

श्रीधर पानं उलटत राहिला,
बंद कॉम्प्रेसरवर कान ठेवतो तसा, वाकून.

खोटं कशाला बोलू, फाइल वाईट नव्हती.
डिसेंबर ते मार्च आमचा फोन मुका.
ऑगस्टमध्ये तोच फोन रात्री दोनला
माझ्या उशाखाली किंचाळतो,
आणि मी झोपेतच म्हणते, हो, पाणी कुठून गळतंय?
फाइलीत होतं: फोन कंपनी घेईल,
कामं कंपनी आणेल, शंभरातले आठ तिचे.
आणि जुन्या ग्राहकांची यादी, सही झाल्या दिवसापासून, तिची.

यादी म्हणजे ही वही.
उम्म राशिद: मांजर बाहेर जाऊ द्यायचं नाही.
जॉर्ज मास्तर: पैसे महिनाअखेर. मागायचे नाहीत.
तिसरा मजला, निळं दार: लिफ्ट बंद, चहा मिळेल.
नवालबाई: मुलाच्या खोलीतला एसी धुवायचा,
चालू करायचा नाही.
त्या खोलीत कुणी राहत नाही
हे मी लिहिलेलं नाही.

श्रीधर म्हणाला, नावात काय आहे, पोटाला हवं.
त्याला काय ठाऊक.
तांदळाच्या ताटात अंगठीनं त्यानंच लिहिलं होतं,
कुंदाची अनुराधा झाले.
घर मिळालं, माणसं मिळाली, नाही कशाला म्हणू.
पण अजून कुणी रस्त्यात ‘कुंदे’ म्हटलं
तर मान आधी वळते, मी मागाहून.

आणि आमची पाटी तरी कुठं धड आमची?
अरबीत ड नाही, ण नाही.
रंगाऱ्याच्या हातून तोडणकरचे तोदनकर झालो
बावीस वर्षांपूर्वी, चाळीस दिरहम देऊन.
‘तोदनकर?’ असं कुणी विचारलं
की मी ओ देते.

एकट्यानं वाढायचं तर दुसरी गाडी हवी, दोन व्हिसे,
आणि आजारी पडायची मुभा नाही.
बोटांवर हिशेब केला, मग कागदावर, मग पुन्हा बोटांवर.
कागदावर पटत होतं,
बोटं पुरत नव्हती.

गाडी मात्र बघून आलो. शारजात, जुन्या बाजारात.
पांढरा रंग नवा, स्वस्तातला.
रफीकुलनं नखानं कोपरा खरवडला
तर खालून हिरवं निघालं. तेच हिरवं.
ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झापेत घडी केलेला नकाशा,
पेनानं ओढलेलं तसलंच कुंपण,
दुसऱ्या कुठल्याशा गावाभोवती.
कुणाची होती, का विकली, दलालाला माहीत नव्हतं.
मोठा झाला असेल, म्हणाला.
हसला.
श्रीधर हसला नाही. इंजिन ऐकत होता.

इंजिन चांगलं होतं. घेतली.
सहीचं अजून ठरलेलं नाही, तरी घेतली.
कंपनीचा माणूस मंगळवारी येणार आहे.

काल रात्री फोन. नवालबाई.
घर बदललं, आता उम्म अल कुवैनला.
नकाशात बघितलं, कुंपणाच्या बाहेर, बऱ्याच बाहेर.
मुलाच्या खोलीतला एसी काढून सोबत आणलाय, म्हणाल्या.
बसवाल का?
पुढं काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

वहीत जुना पत्ता खोडला, नवा लिहिला.
सोमवार, सकाळी आठ, नवी गाडी.
त्याखाली, नेहमीसारखंच:
चालू करायचा नाही.